कोंडीआयाचं निजवायचं पुस्तक

सेहेचाळीस साली मृगाच्या तोंडावर माथेरानचा डोंगर रिकामा झाला. तसा तो दरसाल व्हायचा. पाऊस आला की साहेबलोक मुंबईला उतरायचे आणि दिवाळीच्या सुमाराला पुन्हा वर चढायचे. पण या खेपेचं उतरणं निराळं होतं. कोंडी ज्या बंगल्यात आया होती तिथल्या मडमेनं व्हरांड्यात सगळं सामान मांडलं आणि नोकरांना सांगितलं, आम्ही विलायतेला चाललो, परत येणार नाही, ज्याला जे आवडेल ते एकेक उचला.

खानसाम्यानं घड्याळ उचललं. भिश्त्यानं आंघोळीचा टब उचलला. माळ्यानं आरामखुर्ची डोक्यावर घेऊन नेरळपर्यंत उतरवली, तर ती त्याच्या दारातून आत जाईना. शेवटी गोठ्यात ठेवली, आणि म्हशीला अंग घासायची उत्तम सोय झाली. कोंडी मात्र सरळ पोरांच्या खोलीत गेली आणि एक पुस्तक घेऊन बाहेर आली.

तिला अक्षर म्हणजे कागदावरची मुंगी. पण फळीवर वीस-पंचवीस पुस्तकं होती, त्यातून तिनं जे उचललं ते डोळे मिटून नव्हे. बारा वर्षं त्या घरातली चार पोरं तिनं न्हाऊमाखू घातली होती, आणि कुठलं पुस्तक कशाच्या लायकीचं हे तिच्याइतकं त्या मडमेलाही ठाऊक नव्हतं. सोनेरी कडेची पुस्तकं पाहुण्यांसमोर काढायची असत. त्यांची पानं पातळ, पोरगं हात लावायचं, पान फाटायचं आणि निजायच्या वेळी रट्टा मिळायचा. मोठमोठाल्या मजकुराच्या पुस्तकानं पोराआधी मडमेलाच जांभया यायच्या. एकात सुऱ्याएवढ्या दातांचा राक्षस होता. तो दाखवला की पोरगं रात्री अंथरूण ओलं करायचं, आणि चादर धुवायची कोंडीनं. ही सगळी पुस्तकं तिनं मनातून कधीच नापास केली होती. पास एकच होतं. जाड पुठ्ठ्याची बारा पानं, मजकूर जेमतेम, आणि चारी कोपरे चघळून चघळून गोल झालेले. चार पोरांनी, दात येताना, एकामागून एक ते चावून बघितलं होतं. पोरांच्या पुस्तकाला याहून मोठं सर्टिफिकेट नाही, असं कोंडीचं ठाम मत होतं.

डोंगराखालच्या आपल्या गावी, पोशीरला पोचल्यावर पहिली गाठ पडली ती हवाबीची. हवाबीचं कोपऱ्यावर मीठ-मिरचीचं आणि सुक्या मासळीचं दुकान, म्हणजे गावात शिरणाऱ्या माणसाला तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय गत्यंतर नाही.

"काय आनलंस गं कोंडे? गोऱ्यांनी काय दिलं?"

"पुस्तक."

"कसलं?"

"पोराला निजवायचं."

हवाबीनं तागडी खाली ठेवली. "आता पुस्तकानं निजतात पोरं? आमची आय तर धपाट्यानं निजवायची! आन् तुला वाचता कंदी यायला लागलं गं?"

"मला नाय येत. पन ज्याला निजवायचा त्यालाबी नाय येत. दोघं सारखीच."

ज्याला निजवायचा तो म्हणजे धाकलू. कोंडीचा नातू, दीड वर्षाचा, भिवाजीचा लेक.

कोंडीचा नवरा तापानं गेला तेव्हा भिवाजी दहा महिन्यांचा होता. दिराच्या चुलीवर उष्टं खाण्यापेक्षा डोंगरावर चाकरी बरी म्हणून ती वर गेली आणि बावीस वर्षं जात राहिली. हंगामात डोंगरावर, पावसात गावी. आणि पावसात गावी म्हणजे दिवसभर चिखलात. भिवाजीला बारा महिने त्याच्या आजीनंच निजवलं. वर बंगल्यात दिवेलागणीला मडम पोराला मांडीवर घेऊन पुस्तक उघडायची आणि कोंडी दुधाचा पेला धरून दारात उभी असायची. मागच्या खिडकीतून खाली पोशीरचे दिवे दिसायचे. त्यातला आपला कुठला, ते तिला कधी ओळखता आलं नाही.

आता गोरे गेले, चाकरी गेली, पंचेचाळिशी उलटली. कोंडीला एवढंच हवं होतं, की घरच्या एका तरी पोरानं आपल्या हातानं निजावं. भिवाजीचं राहिलं ते राहिलं, निदान धाकलूचं तरी.

घोटाळा एवढाच झाला, की पुस्तकाबरोबर तिनं बंगल्याचा सगळा कायदाच खाली आणला.

मडमेच्या कायद्यानं पोर सहाच्या ठोक्याला अंथरुणात पाहिजे. पोशीरात ठोका कुठला? गुरं गोठ्यात आली की सहा वाजले, असं कोंडीनं ठरवून टाकलं. गुरं आपल्या मर्जीची, त्यामुळे सहा कधी पाचालाच वाजायचे आणि कधी सातालाही वाजायचे नाहीत. पोर कुणाच्या कुशीत निजता कामा नये, म्हणून तिनं पडवीत कणग्याच्या आडोशाला धाकलूची वेगळी वाकळ घातली. त्याला ऊन पाण्यानं पुसून काढलं, भिवाजीच्या फाटक्या धोतराचा पांढरा सदरा घातला, आणि पुस्तक उघडून मडमेचा आवाज काढला. मडम काय बोलायची ते तिला कधीच कळलं नव्हतं. पण आवाज कुठं चढायचा, कुठं उतरायचा आणि कुठं पान उलटायचं, ते पाठ होतं.

"लुक्क बेबी, लुक्क! ओऽ डिअर, ओऽ डिअर, टिकी टिकी वॉट्ट..."

धाकलूनं आजीकडे बघितलं. मग पुस्तकाकडे बघितलं. मग पुस्तकाचा कोपरा तोंडात घातला.

"पसंत पडलं!" कोंडी हरखली.

चुलीपुढून सुंदरा, तिची सून, म्हणाली, "आत्याबाय, त्याला भूक लागली आसंल."

"गप गं. निजायच्या टायमाला मधी बोलायचं नसतं."

बारावं पान झालं. आता कायद्याचं शेवटचं कलम होतं: पोराला आडवं करायचं, दिवा मालवायचा, बाहेर यायचं, आणि रडलं तरी आत जायचं नाही. कोंडीनं चिमणी फुंकली आणि ओटीवर येऊन बसली.

धाकलूनं असा काही टाहो फोडला की पलीकडच्या आळीतली कुत्री उठली.

"आत्याबाय!"

"रडू दे. साहेबाची पोरं आशी रडून रडूनच साहेब झाली."

हवाबी दुकान तसंच टाकून धावत आली. "काय झालं गं? इच्चू डसला काय पोराला?" तिच्यामागून आणखी दोघी आल्या, एकीच्या हातात तर विंचवावर लावायला उगाळलेली मुळीही तयार होती. सुंदरा अंधारात घुसली, लेकाला उचलून छातीशी धरलं आणि बाहेर येऊन सगळ्यांदेखत म्हणाली, "आत्याबाय, पुस्तक तुमचं, प्वार माझं. आजपास्नं दोगांची गाठ नको."

कोंडीनं भिवाजीकडे बघितलं. तो ओटीच्या कडेला बसून इळ्याला धार लावत होता. आईशी तो वाकडं बोलत नसे, सरळही फारसं बोलत नसे. पाव्हण्याशी बोलावं तेवढं बोलायचा.

"भिवा, तू तरी सांग हिला."

"मी काय सांगू आये?" त्यानं मान वर केली नाही. "मला निजवायला तर पुस्तकबी नव्हतं आन् तूबी नव्हतीस. तरी निजलोच का नाय मी?"

हवाबीला एकदम दुकान उघडं असल्याची आठवण झाली. कोंडीनं पुस्तक लुगड्याच्या धडप्यात बांधलं आणि आढ्याला टांगून ठेवलं.

पुढं आवणीचे दिवस आले. पोशीरात भाताची लावणी म्हणजे गावात माणूस दिसायचं नाही. बाप्ये चिखलणीला, बाया इरली पाठीवर घेऊन आवण लावायला, दिवसभर वाकलेल्या. अंगावरची आणि रांगती-चालती पोरं एका म्हातारीच्या हवाली करायची अशी आळीची रीत होती. आजवर जी म्हातारी ते करायची तिनं त्याच वैशाखात डोळे मिटले. तेव्हा आता कोण, यावर पाणवठ्यावर खल झाला.

"कोंडीआया हाय की. बारा वरसं गोऱ्यांची सांभाळली."

"गोऱ्यांची येगळी गं. ती काय आमच्यावानी पोरं आसतात? ती बटनावानी गप बसतात."

"मग कोन, तुजा सासरा सांभाळतो का?"

सासऱ्याचं नाव निघताच प्रश्न मिटला. सुंदराला ते फारसं रुचलं नाही, पण आवण थांबत नाही. दुसऱ्या सकाळी कोंडीच्या पडवीत नऊ पोरं येऊन पडली. त्यात धाकलू होता, आणि हवाबीची अडीच वर्षांची नात नूरबानोही होती, कारण हवाबीच्या लेकाचंही खलाटीत दोन खाचरं भात होतं.

दिवस कसातरी गेला. खरी परीक्षा दिवे लागताना. बाया अजून शेतात, पोरं भुकेनं, झोपेनं आणि आयांच्या आठवणीनं किरकिरायला लागलेली. कोंडीनं कायद्यानं नऊही जणांना ओळीनं आडवं केलं. पहिलं निजवून नवव्याकडे जावं तर पहिलं उठून दारात. एक रडलं की दुसरं त्याला साथ द्यायचं, तिसरं दोघांना. तिनं आढ्यावरून धडपं सोडलं, पुस्तक काढलं आणि मडमेच्या सुरात लुक्क-लुक्क सुरू केलं. नवांपैकी एकानंही लुक्क केलं नाही.

मग नूरबानो उठली, बाकीच्या आठ जणांना तुडवत आली, आणि चित्रावर बोट रोवलं. चित्रात कोट-पाटलोण घातलेलं एक गुबगुबीत डुक्कर टोपली घेऊन कुणाच्या तरी दारात वाकून बघत होतं.

"ह्यो कोन?"

मडमेनं याचं काय उत्तर दिलं असतं, ते कोंडी आठवायला लागली. मडमेला हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं असेल तर इंग्रजीत.

"ह्यो कोन गं?" नूरबानो ओरडली.

"ह्यो..." कोंडीनं चित्र जवळ घेतलं. कोट, पोट, वास काढत आत घुसवलेलं नाक. "अगो बाय! ह्यो तर लेव्हीवाला! घराघरातनं भात वसूल करनारा सरकारचा मानूस. आला बग दारात. कनगीत त्वांड घालतो न् म्हनतो, फूं फूं फूं, भात किती हाय गं कोंडे?"

ती फूं फूं तिनं अशी काही केली की रडणारी दोघं गप झाली.

"आन् ही?" छत्री घेतलेली कोंबडी होती.

"ही आबाजी पाटलाची पाटलीन. पाऊस असो नसो, छत्री पायजेच. छत्री नसली तर ती पाटलीन हाय ह्ये कोनाला कळंल? आन् ह्यो बग, पान्यात बसलाय, केसाळ, ह्यो माज्या मडमेचा दादला. त्या टबात बसूनच चा प्यायचा."

आणखी काही पानांनंतर चष्मा लावलेलं घुबड. कोंडी क्षणभर थांबली, पण आता जीभ घसरणीला लागली होती.

"ह्यो आपला मोरू मास्तर. रातभर जागतो, काय बाय वाचतो, आन् दिसा शाळंत झोपतो."

बाराव्या पानावर सगळेच एका लांबलचक गोधडीखाली निजलेले होते. ते येईस्तोवर ऐकायला नूरबानो एकटीच उरली होती, आणि तिचंही डोकं धाकलूच्या पोटावर टेकलं होतं.

बाया चिखलानं माखून आल्या तेव्हा पडवीत चिडीचूप. नऊ पोरं आणि आवाज नाही म्हटल्यावर त्या धावतच आत शिरल्या. सुंदरा सगळ्यांच्या पुढं, तिनं वाकून धाकलूच्या नाकाशी बोट धरलं, श्वास लागला, तेव्हा कुठं मागं वळून म्हणाली, "जित्ती हायत!"

आठ दिवसांत पोरांना चटक लागली. आणि आठ दिवसांत बोभाटाही झाला. दीड-दोन वर्षांच्या पोराला गुपित राखता येत नाही. मोरू मास्तर सकाळी शाळेकडे निघाले की ओट्याओट्यावरून बोटं वर व्हायची आणि "हूऽ हूऽ" असा घुबडाचा आवाज यायचा.

मोरू मास्तर गावातले एकटे व्हर्नाक्युलर फायनल. शिक्षणाचा त्यांना मनापासून कळवळा होता; फक्त ज्यांना शिकवायचं ती पोरं त्यांना सोसत नसत. त्यांनी स्वतः खटपट करून शाळेसाठी एक पुस्तकांचं कपाट मिळवलं होतं. त्यात बालकांकरता पंधरा पुस्तकं होती, सगळी सदाचारावर, एकातही चित्र नाही. बालकांचे हात लागू नयेत म्हणून कपाटाला कुलूप होतं. आणि आता गावातल्या बालकांनी पहिलं पुस्तक बघावं तर ते हे!

अवसेला बैल जुंपत नाहीत, तो दिवस धरून मास्तरांनी पाटलाच्या ओटीवर सभा घेतली. मास्तर धरून पाच बाप्ये बसले. पाचांत मिळून ते अठरा पोरांचे बाप होते, आणि त्या अठरांतल्या एकालाही त्यांनी कधी निजवलेलं नव्हतं. म्हणजे निकाल निःपक्षपाती लागणार, यात शंका नव्हती. कोंडी खाली अंगणात पुस्तक घेऊन उभी. बाया पोरांना काखोटीला मारून भिंतीकडेनं.

मास्तरांनी चष्मा पुसला. "मंडळी, या पुस्तकास पाच आक्षेप आहेत. हे इंग्रजी आहे. साहेब चालला, आता त्याचं पुस्तक कशाला? दुसरं, यात देवाधर्माचं नाव नाही. तिसरं, तात्पर्य नाही. चौथं, यात डुक्कर आहे. आपल्या गावात मुसलमान वस्ती आहे, त्यांच्या भावना दुखावल्या आहेत."

"कोनाच्या?" आबाजी पाटलानं विचारलं.

"मुसलमानांच्या."

"हवाबी!" पाटलानं हाक मारली. "दुखावल्यात का गं?"

हवाबी नातीला कडेवर घेऊन पुढं आली. "माज्या भावना दुकानात ठेवून आली मी, पाटील. ह्या पोरीला कुठं ठाव हाय त्यो डुक्कर हाय म्हनून? ती त्याला लेव्हीवाला म्हनते. आता लेव्हीवाला हराम हाय आसं तुमचं म्हननं आसंल, तर मी नाय म्हननार नाय."

सभा खदखदली. त्या सालात कणगीत भुसा वर आणि भात खाली नव्हतं असं घर पोशीरात शोधून सापडलं नसतं. पाटीलही हसला, मग पाटील असल्याचं ध्यानात येऊन खाकरला.

"पाचवा आक्षेप काय व्हता, गुरुजी?"

पाचवा आक्षेप घुबडाचा होता. मास्तरांनी तो गिळला. "पाचवा असा, की ही बाई सांगते ते यात लिहिलेलंच नाही. मी वाचून दाखवतो. बालकांस योग्य रीतीनं वाचन कसं करावं, तेही सर्वांना कळेल."

पुस्तक वर गेलं. पोरांना पुढं बसवलं. मास्तरांनी पहिलं पान इंग्रजीत वाचलं, मग शुद्ध मराठीत सांगितलं: "हा वराह होय. वराह बाजारास निघाला आहे. त्याच्या टोपलीत कंदमुळे असावीत. यावरून बोध असा, की आळस करू नये." दुसऱ्या पानावर कुक्कुटी आली, तिच्यावरून मितव्ययाचा बोध निघाला. तिसऱ्या पानावर अस्वलानं स्वच्छतेचं महत्त्व पटवलं. पोरं टक्क जागी. एकही डोळा मिटेना. मात्र पाचव्या पानाला पाटलाचं डोकं खांबाला टेकलं, सहाव्याला शेजारच्याचं पाटलाच्या खांद्याला, आणि सातव्या पानावर मास्तर सोडून सारी सभा घोरायला लागली.

"निजली गं!" भिंतीकडून एक बाई म्हणाली. "पुस्तक चांगलं हाय. बाप्यांना लागू पडतंय."

आठव्या पानावर घुबड होतं. मास्तर ते चटकन उलटणार, तोच धाकलू उठला. डुलत डुलत पुढं गेला, चित्रावर हात ठेवला, मग मान वर करून मास्तरांच्या चष्म्याकडे नीट बघितलं, आणि उभ्या पोशीरला ऐकू जाईल असा "हूऽ" केला.

हसण्यानं सभा जागी झाली. जागी झालेल्या सभेला मधलं काही ठाऊक नव्हतं, म्हणून मास्तर म्हणतील त्याला तिनं घाईघाईनं होकार दिला. ठराव झाला: पुस्तक शाळेच्या कपाटात, कुलपात राहील, हवं असल्यास लेखी अर्ज करावा. मास्तरांनी वहीत नोंद केली, 'चित्रपुस्तक एक, कोपरे उंदरांनी कुरतडलेले.'

दुसऱ्या संध्याकाळी कोंडीनं पुस्तकावाचून करून बघितलं. तोंडानं लेव्हीवाला सांगितला, फूं फूं केली. पण पोरांना नाक घुसवलेलं बघायचं होतं, बोट ठेवायचं होतं, कोपरा चावायचा होता. नूरबानोनं सगळी पडवी धुंडाळली. धाकलू आढ्याकडे हात करून रडला, आणि त्याच्यामागून आठ जण. कोंडी त्यांच्यामध्ये हात मांडीत घालून बसून राहिली. बाया आल्या तेव्हा ती सुंदराला एवढंच म्हणाली, "ने बाय तुजं प्वार. माज्यानं नाय निजत."

सुंदराला चांगलं वाटायला हवं होतं. तिनंच म्हटलं होतं, गाठ नको म्हणून. तिनं सासूकडे बघितलं, रडून काळंनिळं झालेल्या लेकाकडे बघितलं. पायांचा चिखलही धुतला नाही. धाकलूला उचललं आणि बाकीच्या बायांना म्हणाली, "चला गं. आपली पोरं घ्या."

मोरू मास्तर पाटलाच्याच पडवीत राहायचे. जेवणाला बसणार तोच दारात नऊ बाया, इरल्यांवरून पाणी निथळतंय, आणि प्रत्येकीच्या कडेवर एक भोंगा. सुंदरानं धाकलूला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"गुरुजी, पुस्तक तुमच्याकडं, तर निजवायचं कामबी तुमच्याकडं. निजला की सांगा. आमी ओटीवर बसतो."

"अहो बाई, हे काय! अर्ज..."

"ह्योच अर्ज." तिनं धाकलूकडे बोट केलं. मागून आठ अर्ज आत आले.

मास्तरांनी कपाटाच्या किल्लीला हात न लावता धीर धरून बघितला. सदाचाराचं एक पान तोंडपाठ म्हटलं. एक श्लोक म्हटला. धाकलूनं त्यांचं जानवं तोंडात घातलं. दोघांनी ताटातला भात जमिनीवर लावायला घेतला. दिवसभर आया तेच करताना दिसत होत्या. तेवढ्यात आतून पाटलाचा आवाज आला.

"मास्तर! त्यांचं पुस्तक देऊन टाका!"

"पाटील, ठराव रद्द करायला सभा लागते!"

"ही काय हाय मग? माणसं जमली, समदी एकदम बोलतात, कोन कोनाचं ऐकत नाय. ह्याहून येगळी सभा मी बघितली नाय. देता का मी भाईर येऊ?"

मास्तर तसेच उठले, भिजत शाळेत गेले आणि पुस्तक आणून सुंदराच्या हाती दिलं. वहीत अंगठा मात्र घेतला. चिखलाचा अंगठा, नोंदीसकट सगळं पान झाकून गेला.

सुंदरा घरी आली तेव्हा कोंडी पडवीत तशीच बसली होती. सुंदरानं आधी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं, मग धाकलू ठेवला. "निजवा," म्हणाली. "आन् त्यो दिवा मालवून भाईर जायचा येडेपना नको. त्याच्यापाशीच बसा." एवढं बोलून ती पाय धुवायला गेली.

कोंडीनं चिमणी जवळ ओढली. भिवाजी नांगर सोडून मघाशीच आला होता आणि भिंतीकडे तोंड करून घोंगडीवर पडला होता. दिवसभर बैलांमागं चिखल तुडवलेला माणूस. तो निजला असं धरून कोंडीनं आवाज बारीक केला.

"लेव्हीवाला आला. कनगीत त्वांड घातलं. फूं फूं फूं. कनगीत काय व्हतं रं धाकल्या?"

धाकलू बोट ठेवून विचार करत राहिला.

"वर भुसा," भिंतीकडून आवाज आला. "खाली भात."

कोंडीनं बघितलं. भिवाजीची पाठ हलली नव्हती. तिनं पुढचं सांगायला घेतलं, जरा मोठ्यानं. लेव्हीवाल्याच्या नाकात भुसा गेला. तो शिंकला. शिंकला तो थेट पाटलीणबाईच्या छत्रीत जाऊन पडला. पाटलीण त्याला छत्रीत घेऊन टबातल्या साहेबाकडे गेली. साहेब म्हणाला, चा होईस्तोवर थांबा. यातलं काहीच पुस्तकात नव्हतं, आणि आधीच्या आठ दिवसांत कोंडीनंही हे कधी सांगितलं नव्हतं. धाकलूचं बोट पानावरून घसरलं, तोंड उघडं पडलं. कोंडीनं त्याला हलकेच मांडीवरून वाकळेवर घेतलं. चार पानं अजून राहिली होती. ती थांबली.

"मग?" भिवाजी म्हणाला. तो कुशीवर वळला होता आणि हाताच्या उशीवरून पुस्तकाकडे बघत होता. "चा झाला का?"

कोंडीनं चिमणी उचलून आपल्या आणि त्याच्या मध्ये ठेवली आणि पुस्तक त्याच्याकडे फिरवलं.

थोड्या वेळानं सुंदरा पदराला हात पुसत आली. "आत्याबाय, धाकलू कवाचा निजला की! पुरं करा आता. रॉकेल कंट्रोलचं हाय."

"धाकलू निजला गं," पान उलटत कोंडी म्हणाली. "पन ह्यो जागा हाय आजून."